झरोक्यातले बोळे

आपल्या कोंबड्यांनी तीस हिवाळे काढलेत, असं थोरली सांगायची. कोंबडी तीस वर्षं जगत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण तिच्या बोलण्यात खोट काढायची छाती घरात एकट्या धाकट्या जावेची होती. खुराड्याची किल्ली थोरलीच्या कमरेला आणि उलटं उत्तर धाकटीच्या तोंडात, असा कारभार चालला होता.

जुनं खुराडं यंदा कोसळलं. सुतारानं नवं केलं, ते असं की दोन फळ्यांत नखही शिरू नये. फक्त छपराखाली दोन्ही बाजूंना वीतवीतभर झरोके ठेवले आणि ते बुजवू नका म्हणून दोनदा बजावलं. थोरलीनं मान हलवली. तो कोपऱ्यावर वळायच्या आत तिनं गोणपाटाचे बोळे कोंबले. सुताराच्या बापानं कधी कोंबड्या पाळल्या होत्या?

सात कोंबड्या आणि एक कोंबडा रात्रभर श्वास सोडणार, ती वाफ जाणार कुठं, असं धाकटीनं विचारलं. जुन्या खुराड्यालाही बोळे होतेच की, थोरली म्हणाली. धाकटीनं पुन्हा तोंड उघडलं तशी ती तडकली.

"एक जरी कोंबडी दगावली ना, तर ही किल्ली तुझी."

घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. आता शब्द गिळायची सोय नव्हती.

थंडी पडली. सकाळी पाण्याच्या भांड्यावरचा बर्फ बत्त्यानं फोडून थोरली गरम पाणी ओतायची. अंडी कमी झाली, त्याचं तिला काही नव्हतं. दिवस लहान झाला की कोंबडी हात आखडते. पण मग कोंबड्याच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं. गारठा लागला म्हणून तिनं बोळे आणखी ठासले आणि दारावर जुनी गोधडी टांगली.

त्यानंतर कोंबड्यांनी बंड केलं. दिवस मावळला की मुकाट आत जाणारी जात ती, पण काणी नावाची कोंबडी लाकडांच्या ढिगावर चढून बसली आणि बाकीच्या तिच्या मागं. उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत. थोरलीनं एकेकीला धरून आत टाकलं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी काणी पिसं फुलवून, चोच उघडी टाकून घरघरायला लागली. दाण्याकडे बघेना. थोरलीनं तिला टोपलीत घालून चुलीजवळ ठेवलं. धाकटीनं टोपलीकडे पाहिलं, मग थोरलीच्या कमरेकडे, आणि भांडी घासायला बसली. टोमणा परवडला असता.

दुसऱ्या सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी थोरलीनं गोधडी वर करून खुराड्यात डोकं घातलं. उग्र वासानं डोळे चुरचुरले, घसा धरला. मानेवर थेंब पडला. तिनं वर पाहिलं. छपराला आतून पाण्याचे मणी लटकत होते आणि खालच्या भुशाचा चिखल झाला होता.

जुन्या खुराड्याला वीस फटी होत्या. बोळा एकाच भोकाला असायचा, वाऱ्याच्या बाजूच्या. श्वास ते खुराडं घेत होतं आणि शाबासकी थोरली घेत होती.

अलीकडचा बोळा तिनं उपसला. पलीकडच्याला हात पुरेना. धाकटी गरम पाण्याची किटली घेऊन मागं उभीच होती.

"तुझा हात लांब आहे," थोरली म्हणाली. "तेवढा काढ."

धाकटीनं काढला आणि पिळला. धार लागली.

"वाळत घालू का?" तिनं विचारलं.

"चुलीत घाल."

भुसा बदलला. संध्याकाळी सहाही कोंबड्या आपल्या पायांनी आत गेल्या, पाठोपाठ कोंबडा. काणीनं आठवडा घेतला. थोरली तिला हातानं दाणे भरवायची आणि मरशील तर बघ, असा दम द्यायची. काणी मेली नाही.

म्हणजे शब्दाप्रमाणे किल्ली थोरलीचीच राहिली. पण ती कमरेला बोचते म्हणून तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवली. खिळा दोघींच्या हाताला येईल असा, तिनं स्वतः ठोकलेला.

कोंबड्याच्या तुऱ्याचं टोक गळालं ते गळालंच. कुणी विचारलं, तर तो जन्मला तेव्हापासूनच तसा आहे असं थोरली सांगते. धाकटी त्यात मात्र खोट काढत नाही.