तिसरा रकाना

माझं तोंड वाईट आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. ही कुणाची भीडभाड ठेवणार नाही, म्हणाले. ज्यांची चौकशी होती त्यांत माझा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याला इथे चिकटवलं होतं तेही मीच.

आमचं सॉफ्टवेअर अँब्युलन्स पाठवतं. फोन येतो, ऑपरेटर पत्ता टाइप करते, जवळची गाडी पडद्यावर दिसते. दोन सेकंदांचं काम. त्या मंगळवारी पडदा दीड मिनिट गोठला. पलीकडे एक बाई फोन कानाला लावून बसली होती आणि तिचा नवरा जमिनीवर आडवा पडला होता. गाडी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दीड मिनिट आधी आली असती तर कदाचित, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

ते दीड मिनिट कोणी खाल्लं, एवढंच मला सांगायचं होतं. त्यासाठी फुकटची अवजारं मिळतात, त्यांचा कोडही सगळ्यांसाठी उघडा असतो. मी तीन घेतली आणि तुलनेचा तक्ता केला. पहिल्याला आम्ही हजेरीमास्तर म्हणतो. तो सेकंदाला शंभर वेळा डोकावतो आणि प्रोग्रामचा कोणता भाग काम करतोय ते टिपतो. दुसरा मोजणीदार, कोणाला किती वेळा हाक मारली ते मोजतो. तिसरा जागल्या. तो काम करणाऱ्यांकडे बघतच नाही. कोण झोपलंय आणि कोणासाठी खोळंबलंय, एवढंच तो बघतो.

जागल्या बसवायला सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवावा लागणार होता. साहेब म्हणाले, "आणखी कुणी मेलं तर? शुक्रवारी रिपोर्ट हवाय मला."

पहिले दोघे सर्व्हरवर आधीपासूनच चालू होते, त्यांच्या मंगळवारच्या नोंदींचं एकमत झालं. जवळची गाडी शोधणारा भाग, एकाहत्तर टक्के. धाकट्याने लिहिलेला. मी तक्त्यात तिसरा रकाना कोरा ठेवला आणि खाली सही ठोकली. घरी जाऊन त्याला तोंडावर सांगितलं, "तुझाच भाग आहे. मी काही लपवणार नाही." तो मान खाली घालून जेवत राहिला. सोमवारी त्याला काढलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला. बघा, सख्ख्या भावालाही सोडलं नाही.

त्याचा भाग काढून नवा बसवला. सात आठवड्यांनी पडदा पुन्हा गोठला, चौऱ्याऐंशी सेकंद. नशीब, त्या वेळी फोनवर फक्त पाय मुरगळलेला एक माणूस होता. मी साहेबांना न विचारता सर्व्हर बंद केला आणि जागल्या बसवला.

छोटे छोटे खोळंबे टिपून त्याने कोडमधली एक ओळ दाखवली. फोनची नोंद डिस्कवर पक्की लिहून होईपर्यंत बाकी सगळ्यांनी थांबायचं, अशी ओळ. डिस्क दुसऱ्या कामात अडकली की सगळा कारभार खोळंबून उभा. ओळ चार वर्षांपूर्वीची, माझी. एकही फोन हरवणार नाही, म्हणून तेव्हा मी मिरवलं होतं.

आणि ते एकाहत्तर टक्के? ते काम चालू असलेल्या वेळेचे. दीड मिनिटात काम चाललं होतं जेमतेम दोन सेकंद. उरलेला वेळ सगळे झोपले होते, आणि झोपलेला हजेरीमास्तरला दिसत नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. धाकट्यालाही शिकवलं होतं.

तो आता एका गोदामात खोकी उचलतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलं आणि जागल्याचा निकाल छापलेला कागद पुढे केला. त्याने हात पुसून तो नीट वाचला.

"मला तेव्हाच दिसलं होतं," तो म्हणाला. "तिसरा रकाना कोरा होता."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"ताई, खाली तुझी सही होती. मला वाटलं, तू तपासलं असशील."

माझं हे एवढं तोंड, आणि मी त्याच्या हातातला कागद घेऊन घडी घालत बसले.

"मी त्या बाईंकडे जाऊन आलो," तो पुढे म्हणाला. "माझ्यामुळे झालं, असं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. आता दर रविवारी जातो, सामान आणून देतो. त्यांना दुसरं कोणी नाही."

"मी साहेबांना आजच सांगते. तुला परत घेतील."

"मी नाही येणार. मला रात्री झोप लागत नाही, ताई. कोड उघडला की तो माणूस दिसतो."

"पण तुझी चूक नव्हतीच रे."

"हे तू मला आत्ता सांगतेस."

त्याने खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला आणि त्यावर पत्ता लिहून दिला. "त्यांना तूच सांग. बेल बिघडलीय, दार वाजव. त्यांचे गुडघे दुखतात, दारापर्यंत यायला वेळ लागतो."

मी ऑफिसात परत गेले नाही. तिसरा मजला, डावीकडचं दार, बाहेर पुरुषाच्या चपला अजून तशाच. मी दार वाजवलं. आतून "आले, आले" असं ऐकू आलं आणि पाय ओढत चालल्याचा आवाज. मी कागद हातात धरून थांबले.