कोर्कोईच्या कोपऱ्यातला माणूस

माझ्या पोरीचा डावा डोळा सुजून मिटलाय, आणि माझा धाकटा भाऊ क्वातेई माझ्याच खाणावळीत चुलीपाशी बसून माझीच मक्याची केंकी आणि तळलेली मासळी हाणत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय, "हरली, पण बुकोमच्या पोरीसारखी लढून हरली." लाज विकून आलेल्या माणसाला भूक बरी लागते.

शाळेत मी दोनच वर्षं गेले. पण बुकोम म्हणजे बॉक्सरांचीच वस्ती; नवरा बॉक्सर, सासरा बॉक्सर. ठोसे मला वाचता येतात.

काल रिंगमध्ये माझ्या कोर्कोईसमोर कुमासी गावची अबेना होती. ती बाई लढत नाही, दार लावून बसते. हात गालाला, कोपरं बरगड्यांना. तुम्ही चिडून मोठा ठोसा घालायला गेलात, उघडे पडलात, की ती हाणते. असलं दार लाथेनं उघडत नाही. टकटक करत राहावं लागतं. डाव्या हाताचा सरळ, आखूड जॅब. एक कपाळावर, एक छातीवर, की तिचा हात बोटभर हलतो. कोर्कोईनं पाच फेऱ्या तेच केलं. पाचवीत अबेनाची कोपरं बरगड्या सोडायला लागली होती. आणखी एक फेरी, आणि विजेतीचा पट्टा घरात येत होता.

पण बघायला आलेली आमच्या गल्लीची माणसं. छातीला छाती भिडल्याशिवाय त्यांना मारामारी पटत नाही.

"काय गं, माश्या हाकलतेस का?"

"क्वातेई, तुमच्या घरातलं रक्त आटलं वाटतं!"

कोर्कोईला शिकवणारा क्वातेईच. जॅब तिला यानंच शिकवला. तरी लोकांचं ऐकून त्याचे कान लाल झाले. फेरी संपून ती रिंगच्या कोपऱ्यात त्याच्यापाशी येऊन बसली; मी त्या कोपऱ्याच्या मागेच बसले होते, सगळं ऐकू आलं.

"बास झालं टोचणं," तो म्हणाला. "उजवा घाल."

"मामा, ती त्याचीच वाट बघतेय."

"मला शिकवतेस?"

आमच्यात मामाचा शब्द पोरी मोडत नाहीत. सहाव्या फेरीला उठली. पहिला उजवा अबेनाच्या हातमोज्यांवर गेला, दुसरा हवेत. मग अबेनानं तिच्या डोळ्यावर एकाच जागी चार घातले. पंचांनी लढत थांबवली. सकाळी डॉक्टर म्हणाले, आतला पडदा फाटलाय, दिसेल की नाही ते पंधरा दिवसांनी सांगतो.

कोर्कोई आत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. 

"अक्का, अजून एक केंकी दे," क्वातेई म्हणाला. "डिसेंबरात पुन्हा लढत लावू. गल्ली खूश आहे तिच्यावर."

मी झारा खाली ठेवला. बाकड्यावर चार गिऱ्हाईकं होती. असू देत.

"क्वातेई, माझी पोर पाच फेऱ्या त्या बाईला भ्यायली नाही. तू गल्लीला भ्यालास. नजर परत येवो न येवो, तिच्या कोपऱ्यात तू परत उभा राहायचा नाहीस. तिकीट काढून लोकांत बस आणि ओरड. तेवढंच तुला जमतं."