बागेची माती, खड्ड्याचा अहवाल

प्रयोगशाळेतल्या कपाटामागे आम्ही सहा जण आहोत: एक फावडे, दोन बादल्या, एक फाटकी चाळणी, एक छत्री आणि मी. मित्रांनो, मी एक जुना ऑगर आहे. सुतार गिरमीट लाकडात फिरवतो, तसे मला जमिनीत फिरवून माती वर काढतात.

मॅडम मृदाशास्त्र शिकून कृषी विस्तार अधिकारी झाल्या, तेव्हा मी कोरा करकरीत होतो. त्या शेतात नागमोडी चालत आणि दहा ठिकाणी मला उतरवत. बांध, झाडाची सावली, खताचा खड्डा कटाक्षाने टाळत. "एका घासावरून पंगत ओळखू नये," असे त्या हसून सांगत. लोक माझ्याकडे बघून म्हणत, "मॅडम, तुमचा स्क्रू भारी आहे!" मी फुगून जाई.

मग मॅडमना बढती मिळाली, मग आणखी एक. शेतातून प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतून तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकांत. मातीचे एवढे शिकलेले माणूस मातीपासून एवढे उंच का नेऊन ठेवतात, हे मला अजून उमगलेले नाही. मला तर कुणी पुसूनही ठेवले नाही. मी गंजलो.

परवा पेरूच्या बागेच्या मालकीणकाकू पिवळी फांदी नाचवत प्रयोगशाळेत शिरल्या. गलका ऐकून मॅडम खाली आल्या.

"तुमचा कागद म्हणतो, माती ठणठणीत. मग झाडं काय माझ्यावर रुसलीत? रोपंच वाईट म्हणून सोमवारी सगळी बाग उपटतेय मी!"

मॅडमनी सहायकाला विचारले, "नमुना कुठून घेतलास?"

"गाडी लावली तिथूनच. मऊ होती माती. फावड्यानं पटकन निघाली."

"खताचा जुना खड्डा आहे रे तिथे!" काकू कडाडल्या.

"म्हणजे खड्ड्याचा अहवाल दिलास, बागेचा नाही," मॅडम म्हणाल्या. "काकू, थांबा. मी येते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, फार चढला की झाडाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. लोह साडेचारच्या खाली आलं, तर रोपांचा दोष नाही. लोह द्यायचं, बाग ठेवायची."

"मॅडम, अकराची बैठक..." सहायकाने आठवण केली.

"त्यांना म्हणावं, मी मातीत गेले."

त्यांनी मला ओढून काढले आणि कपाळाला हात लावला. लोह मोजायचे आणि हत्यारच गंजलेले! माझा गंज मातीत मिसळला, तर आकडा खोटाच वर चढणार. शेवटी त्या स्वतः पॉलिशपेपर घेऊन बसल्या. माझे पाते लख्ख होईपर्यंत त्यांचा चहा गार झाला आणि बैठकही होऊन गेली.

मित्रांनो, काम झाल्यावर हत्यार पुसून, कोरडे करून ठेवा. आणि ज्याला जे येते, ते त्याला करू द्या. एवढे साधे आहे, तरी वर्षानुवर्षे कुणी ऐकत नाही.

दुपारी मी बागेत दहा ठिकाणी उतरलो. माती मिसळली, वाळवली, चाळली.

सामू ८.६. लोह १.८.