रूपरावभाऊंचं खोटं मरण

पितृपक्षात रूपरावभाऊंच्या डोक्यावर कावळा बसला. अंगणात पानावर बापाच्या नावाचा भात, वडे, कढी असं सगळं मांडलेलं होतं. कावळ्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ भाऊंच्या टकलावर येऊन टेकला. भाऊंनी त्याला हाकललंसुद्धा नाही. घरी पाहुणा आल्यासारखे मान ताठ धरून उभे राहिले, त्याचं मन भरेपर्यंत. हा माणूसच तसा आहे. आमच्या अख्ख्या सिंदी रेल्वे गावात बैलाला ‘सरका ना’ म्हणणारा दुसरा शेतकरी मी पाहिलेला नाही.

एरवी भाऊंच्या बायकोने, रुख्मावैनींनी, हे हसण्यावारी नेलं असतं. पण पितृपक्ष संपला की भाऊंचं हृदयाचं ऑपरेशन होतं, वर्ध्याला. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरणाचा सांगावा आला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यावरचा उताराही ठाऊक असतो. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी सोयऱ्यांकडे धाडायची. सोयरे खरं समजून रडले, की मरणाला वाटतं आपलं काम झालं आणि ते माघारी जातं. मग दुसरा निरोप धाडायचा की माणूस खुशाल आहे, जेवायला या.

बंडूभाऊ, हे काम तुमचं, असं वैनींनी मला सांगितलं. मी शेजारी, शिवाय माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा असल्याने फुलांच्या चौकटीचे नमुने माझ्या मोबाइलमध्ये तयारच असतात. भाऊंचा फोटो बसवून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि वैनींचे भाऊ मोतीलालजी यांना आर्वीला पाठवून दिलं. आता रीतीप्रमाणे माणसाने आधी हंबरडा फोडायला पाहिजे. मोतीलालजींनी आधी फोन लावला, तोही भाऊंच्याच नंबरवर. आणि भाऊंनी तो सवयीने उचलला.

“बोला मोतीलालजी,” भाऊ म्हणाले, “जेवण झालं काय?”

झालं. उतारा वाया गेला. तो एकदाच लागतो, दुसऱ्यांदा कोण रडणार? मोतीलालजी तर तिकडे इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून वैनी चहात साखर विसरायच्या, भाऊ दुपारी झोपले की दारात उभ्या राहून त्यांचं पोट खाली-वर होताना बघत राहायच्या. बाई घाबरली होती. मुलगी मोहिनी लग्न होऊन पुण्याला गेलेली, घरात ही दोघंच. मला त्या मोतीलालजींचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या जुन्या जिनिंगमध्ये पिक्चरचं शूटिंग आलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. हंगाम सुरू व्हायला वेळ होता, त्यामुळे शेड रिकामं. मंडप, खुर्च्या, पंखे माझेच लागले, म्हणून मला सगळं जवळून बघायला मिळालं. पिक्चर मारधाडीचा होता. अशा पिक्चरमधला खलनायक घरी कधीच राहत नाही. बंद कारखान्यात, रिकाम्या ड्रमच्या आडोशाला राहतो, वरून साखळ्या लोंबत असतात. आमच्या जिनिंगमध्ये साखळ्या नव्हत्या, त्या त्यांनी नागपूरहून आणल्या.

त्यांना मरायला गुंड पाहिजे होते. ते निवडायला भूपेंद्र नावाचा गॉगलवाला होता. मूळचा नागपूरचा, पण मुंबईत राहून बोली धुऊन पुसून आलेला. त्याने गावातल्या लोकांना रांगेत उभं केलं आणि नुसतं तोंड बघून वाटण्या सुरू केल्या. आमचा पोस्टमन कैलास लाजाळू माणूस, मनीऑर्डर देतानाही खाली बघतो. पण त्याच्या गालावर व्रण आहे, लहानपणी बकरीने शिंग मारलं होतं. तो खलनायकाचा उजवा हात झाला. राकेश सर शाळेत गणित शिकवतात. रंगाने सावळे म्हणून ते गुंडात गेले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला तर भूपेंद्रने त्यांना कॉम्प्युटर फोडणारा चोर केलं. सरांनी चष्मा काढला, पुन्हा गुंड झाले. आणि प्रफुल, ज्याने गावातल्या निम्म्या लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी पळवल्या, तो गोरा आणि गालावर खळी पडते म्हणून हिरोचा इमानदार मित्र. मध्यंतराच्या आधी तो हिरोसाठी प्राण देणार होता. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आमच्या वर्ध्याच्या उन्हात कोण गोरं राहणार? मग इथे जन्माला आलेला प्रत्येक माणूस गुंडच की.

वैनींनी मात्र यातून भलतंच काढलं. इतकी माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोटी मरणार, तर त्यांत भाऊही मरू देत. यापेक्षा मोठा उतारा कोणता? त्यांनी हे पाणी भरताना बोलून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मंडपात मरायला ही झुंबड उडाली. ज्यांना साडेसाती होती ते आले, ज्यांना नुसती शंका होती ते आले, एक म्हातारी तर नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली आणि मला जवळून गोळी मारा, दुरून लागत नाही, असं भूपेंद्रला बजावून गेली. जगणाऱ्या भूमिका कोणी घेईना. प्रफुलचा तोरा होता तोही उतरला, कारण मध्यंतराआधीचं मरण पुरेसं पक्कं असतं का, यावर पानठेल्यावर वाद पेटला होता.

मी वैनींना एक अडचण सांगितली. उताऱ्याला कोणीतरी रडावं लागतं. पिक्चरमध्ये गुंड मेला की लोक शिट्ट्या मारतात. वैनी म्हणाल्या, रडण्याचं माझ्यावर सोपवा, मी पदराला कांदा बांधून येते.

खरी अडचण भाऊच निघाले. त्यांना गुंड करता येईना. कैलासने दोन संध्याकाळी त्यांची शिकवणी घेतली. रागाने बघा म्हटलं तर भाऊ असे बघत की कोणाची म्हैस हरवली असावी. दरडावून ‘ए’ म्हणा म्हटलं तर भाऊ म्हणाले, “ए, बसा ना.” भूपेंद्रसमोर खलनायकासारखं हसायची पाळी आली तेव्हा ते इतकं मोकळं हसले की सारं युनिट त्यांच्याबरोबर हसायला लागलं. भूपेंद्रने हात जोडले. हा चेहरा हिरोच्या बापाचा आहे, असं त्याचं म्हणणं, आणि हिरोचा बाप मुंबईहून आणलेला होता, तो कालच मरून परत गेला होता.

वैनी तिथून हलल्या नाहीत. माझ्या पंख्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. शेवटी कंटाळून भूपेंद्रनेच वाट काढली. शेवटच्या लढाईत गुंड तोंडाला काळं फडकं बांधतात, तिथे चेहरा लागत नाही. भाऊंना मागच्या ओळीत, कापसाच्या गाठीजवळ उभं करायचं. पळायचं नाही, उडी मारायची नाही, गोळीचा आवाज आला की पडायचं.

सकाळी शूटिंग सुरू झालं. काळ्या कपड्यांतले, काळी फडकी बांधलेले सगळे गुंड एकसारखे दिसत होते. वैनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, पदराच्या गाठीत कांदा. मला विचारत होत्या, यातले आपले कोणते? मलाही सांगता येईना. हिरोने बंदूक चालवली. कैलास गिरकी घेऊन पडला, राकेश सर ड्रमवर आपटून पडले, कोणी गादीवर झेपावलं. मागच्या ओळीतल्या एका गुंडाने मात्र आधी मागे वळून पाहिलं, एक खडा उचलून बाजूला टाकला, जागा हाताने झाडली, खाली बसला आणि मग कुशीवर आडवा झाला.

“हे पाहा,” वैनी म्हणाल्या, “हे आपले.”

आता पुढचा शॉट लांबलचक होता. हिरो त्या मुडद्यांमधून सावकाश चालत येणार, पंख्याच्या वाऱ्यावर कापूस उडणार, आणि तो मागे वळून बघणार नाही. असा हिरो मागे बघतच नाही, त्याचं मानेचं काही दुखणं असावं. भूपेंद्र सकाळपासून ओरडून सांगत होता की मेलेल्यांनी श्वास घेऊ नका, पोटं हलताना दिसतात. आमचे लोक काही ऐकत नव्हते. कोणाचं पोट हलत होतं, कोणी नाक खाजवत होतं. फक्त गाठीजवळचा तो गुंड सांगितलेलं ऐकणारा होता. त्याचं पोट हलत नव्हतं.

वैनी त्या पोटाकडे बघत होत्या. गेले कित्येक दिवस त्या तेच बघत होत्या. हिरो चार पावलं चालला. पोट हलत नव्हतं. मी म्हटलं, वैनी, शॉट चालू आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल तिथेच टाकून त्या धावल्या, हिरोच्या पुढून, कॅमेऱ्याच्या पुढून, उडत्या कापसातून, आणि भाऊंच्या अंगावर कोसळल्या. तोंडावरचं फडकं त्यांनी ओरबाडून काढलं आणि जो हंबरडा फोडला तो स्टेशनच्या पलीकडे ऐकू गेला असेल.

“मोहिनीचे बाबा, मले टाकून कुठी गेले वो तुमी.”

मी आयुष्यात इतके पिक्चर पाहिले, पण मेलेल्या गुंडाच्या छातीवर कोणी डोकं आपटताना पाहिलं नव्हतं. मुडदे एकेक करून उठून बसले. कैलासच्या फडक्याखालून मुसमुसण्याचा आवाज यायला लागला. राकेश सरांनी खिशातला चष्मा काढून पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला. हिरो पहिल्यांदा मागे वळला. त्याने बंदूक पाठीमागे लपवली, वैनींजवळ उकिडवा बसला आणि हिंदीत विनवायला लागला की माताजी, गोळ्या खोट्या आहेत, मी कोणाला मारलेलं नाही, माझ्या आईची शप्पथ.

भूपेंद्र डोकं धरून आला. इतके दिवस जपलेली मुंबई त्याच्या तोंडातून गळून पडली.

“काकू, तुमी काऊन मधात आल्या? गुंडाले बायको नसते ना.”

वैनींनी मान वर केली. तोंड ओलं, केस सुटलेले, त्यांत कापूस.

“मंग त्याच्या भाकरी कोण थापते?”

हिरोने भूपेंद्रकडे पाहिलं, जणू हा प्रश्न त्यालाही आजवर पडला नव्हता. तेवढ्यात भाऊंनी एक डोळा उघडला.

“झालं काय तुह्यं रडून? उठू आता?”

वैनींनी त्यांच्या दंडावर एक सणसणीत रट्टा मारला, मग दुसरा मारला, आणि तिसऱ्या वेळी हात तिथेच ठेवून दिला. पदराची गाठ सुटून कांदा जमिनीवर घरंगळला होता. मी उचलला. कापलेला नव्हता, सालही निघालेली नव्हती.

तो शॉट त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला, भाऊंशिवाय. वैनींना जिनिंगच्या फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. पिक्चरमध्ये आम्ही दिसतो की नाही हे मी विचारायलाही गेलो नाही. तिथे आमच्यासारख्यांनी पडायचं असतं, एवढं माझ्या लक्षात आलं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी वर्ध्याला मीही होतो. मोतीलालजी आर्वीहून पहिल्या एसटीने आले होते. भाऊंना स्ट्रेचरवर घेऊन निघाले तसं मोतीलालजींना रडू आवरेना. वैनी कडाडल्या.

“आता काऊन रडून राह्यला? रडाचं होतं तवा फोन लावत बसला.”

भाऊंनी स्ट्रेचरवरून हात बाहेर काढला. त्यांनी वैनींना विचारलं की भीती वाटते का. वैनींनी नाही म्हणून मान हलवली. माझं रडून झालंय, म्हणाल्या, मोठ्ठं झालंय, आता त्या दाराच्या आत मरणाचं काही काम नाही. भाऊ हसले. तेच मोकळं हसू, जे कुठल्याच गुंडाला जमत नाही. मग दार लागलं.

आम्ही बाकावर बसलो. वैनी भिंतीकडे बघत होत्या, डोळे कोरडे ठणठणीत. मोतीलालजी पाणी घेऊन आले, त्यांनी घेतलं नाही. मी चहा आणला, तो तसाच निवला. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की ऑपरेशन चांगलं झालं, काका आता बरे आहेत.

वैनी उठल्या, नळाजवळच्या कोपऱ्यात गेल्या, पदर तोंडात कोंबला आणि रडायला लागल्या. खांदे गदगदत होते, आवाज मात्र अजिबात नाही. मला काही कळेना. मी जवळ जाऊन म्हटलं, वैनी, तुमचं तर रडून झालं होतं ना.

“ते कावळ्याचं होतं, बंडूभाऊ,” त्या म्हणाल्या. “हे माह्यं आहे.”