उंबऱ्याबाहेरचा जोडा

मी बाईंचा जोडा बोलतोय. जोडा म्हटलं की लोक आधी अंग चोरतात. घाबरू नका, मारायला आलेलो नाही. पुढून माझं तोंड वासलंय, म्हणून बोलतोय म्हणा हवं तर.

बाई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायच्या. निरनिराळ्या धर्मांची माणसं शेजारी शेजारी कशी राहतात, कशावरून भांडतात आणि भांडूनही कशी टिकतात, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. दुकानात मला उलटापालटा करत त्यांनी विचारलं, "चालून चालून दमणार तर नाही ना हा?" दुकानदार म्हणाला, "बाई, आधी तुम्ही दमाल." तो हरला. माझा सोल तीनदा बदलावा लागला.

विद्यापीठामागच्या उतारावर एक वस्ती होती. दोन धर्मांची घरं आणि मधे एकच अंगण. दाराशी मला काढून बाई आत जायच्या आणि मी घरच्यांच्या चपलांत पडून राहायचो. आतलं सगळं ऐकू यायचं. सगळ्यात जास्त मुक्काम शिंपीणबाईंच्या दारात. मशीन थांबवून त्या सांगायच्या, "लिहा बाई, अंगणापलीकडच्या शेजारणीशी माझं रोज वाजतं. पण तिच्या लेकीचे कपडे मीच शिवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही." ते बाईंच्या पुस्तकात गेलं. पुस्तक गाजलं. सत्कार झाले, हार पडले. बाईंच्या गळ्यात, अर्थात.

शिंपीणबाईंची लेक पुढे बाईंकडेच शिकली, त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झाली. विभागात अध्यापकाची जागा निघाली, तेव्हा बाईंनीच तिला अर्ज करायला लावला. "कच खाऊ नकोस. तुझ्या तोडीचं कुणी नाही," म्हणाल्या.

मुलाखत घेणाऱ्यांत बाईही होत्या. मुलाखत झकास झाली. मुलगी बाहेर गेली, दार लागलं. टेबलाखाली माणसांची तोंडं दिसत नाहीत, पाय दिसतात. विभागप्रमुखांचा चकचकीत बूट शेजारच्या बुटाला हळूच लागला. हे गृहस्थही एके काळचे बाईंचेच विद्यार्थी.

"मुलगी हुशार आहे, वादच नाही," ते म्हणाले. "पण विभागाचं वातावरण सांभाळायला हवं."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"दिवस कसे आहेत बघा ना. उद्या पालक काय म्हणतील?"

"सरळ बोला. तिचा धर्म आड येतोय."

"हे तुम्ही म्हणताय, मी नाही. आणि बाई, समाज एकदम बदलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंची बोटं माझ्या आत आकसली. त्यांनी सही केली नाही, विरोध लिहून दिला. बाकीच्यांच्या सह्या पुरेशा होत्या.

बातमी आपल्याच तोंडून कळावी म्हणून बाई तडक उतारावर गेल्या. मुलगी दारातच उभी होती. बाई सवयीने मला काढायला वाकल्या.

"राहू द्या, बाई. जोडे काढू नका."

"मी विरोध केला गं."

"ठाऊक आहे. शिपाईकाकांनी सांगितलं. तुमच्यावर राग नाही माझा. फक्त एक करा, पुस्तकातून आमचं घर काढून टाका. आम्ही इथं किती गुण्यागोविंदाने राहतो, ते वाचून माना डोलावणारेच आज त्या खोलीत बसले होते."

आत मशीन चालू होतं. ते थांबलं नाही.

बाईंनी प्रकाशकाला नवी आवृत्ती काढू नका म्हणून कळवलं. तो म्हणाला, "अहो, त्या घरावरच तर पुस्तक चालतं!" बाईंनी फोन ठेवला. निवृत्तीच्या समारंभाला त्या गेल्याच नाहीत. विभागप्रमुखांनी मात्र त्यांच्यावर डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं, आणि जुन्या प्रतींवरून ते अजूनही त्या घराचंच प्रकरण शिकवतात.

आता बाई घराबाहेर पडत नाहीत. सुनेने त्यांना मऊ सपाता आणल्यात. मला देऊन टाकायच्या कपड्यांसोबत पिशवीत भरलंय. मी उद्या कुणाच्या तरी पायात जाईन.

तू जो कुणी असशील, ऐक बाबा. शेजाऱ्याकडे खुशाल ने मला. तिथं गप्पा मार, वाद घाल, पोटभर जेव. पण कधी नोकरीसाठी माणूस निवडायला बसलास, तर टेबलाखालचं ते पुन्हा बघायला मला नेऊ नकोस; मला घरी ठेवून अनवाणी जा.