मी पानाची पिचकारी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी शहाबादी फरशी आहे आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बोरीवलीतल्या एका सोसायटीच्या दारातल्या पायरीवर मी तीस वर्षं पडून आहे. एवढ्या वर्षांत माझ्यावर चपला पुसायला सगळे आले, वाकून पाहायला कोणी आलं नाही.

माझा जन्म समुद्रात झाला. तळाशी चुन्याचा गाळ साचत गेला आणि त्याचा दगड झाला. मग समुद्र मागे सरला, मी उघड्यावर आले. हजारो वर्षं पावसाच्या पाण्याने मला विरघळवलं, माझ्यात खड्डे पाडले. त्या खड्ड्यांत लाल माती भरली. पुढे समुद्र परतला, त्याने वर नवा गाळ पसरला आणि ती माती माझ्या पोटात बंद झाली. तेव्हा माणूस नव्हता. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे खाण, करवत, ट्रक आणि ही पायरी. यंदा सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी पॉलिशचं मशीन फिरलं. तीस वर्षांचा मळ गेला आणि माझा लाल पट्टा उघडा पडला. सेक्रेटरी नंदकिशोर यांनी लांबूनच निकाल देऊन टाकला आणि वॉचमनला हाक मारली.

"कुंडलिक, पान खाऊन इथे थुंकतोस? रविवारच्या मीटिंगआधी डाग गेला पाहिजे, नाहीतर दुसरा वॉचमन बघतो मी."

"साहेब, मी सुपारीला पण हात लावत नाही."

"सगळे असंच बोलतात रे."

कुंडलिक अ‍ॅसिडची बाटली घेऊन मला घासायला बसला. अ‍ॅसिड पडताच मी फसफसले. पावसाला ज्या कामाला हजारो वर्षं लागली, ते या शहाण्यांच्या हुकमाने एका बाटलीत उरकलं. चुना झिजत गेला तसा लाल पट्टा आणखीच रुंद दिसू लागला. कुंडलिकचे डोळे भरून आले. धुराने आले, असं तो म्हणाला. त्याचा मात्र मला राग आला नाही.

रविवारी मीटिंगला निघालेल्या क्षमाताई माझ्यापाशी थांबल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, कॉलेजात भूशास्त्र शिकवतात. त्या चक्क गुडघे टेकून बसल्या आणि पायरीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. माझा लाल पट्टा वरपासून खालपर्यंत आरपार उतरलेला तिथे सरळ दिसतो.

"काका, इकडे या. कुंडलिक काय दगडाच्या आत जाऊन थुंकला? माती आहे ही, करोडो वर्षांची!"

नंदकिशोर वाकले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. "बरं बरं, मग राहू दे," एवढंच म्हणाले आणि मीटिंगला गेले. नोकरी वाचली. माफी वगैरे काही नाही.

आता पाहुणे आले की हेच गृहस्थ मला दाखवतात. "आमच्या सोसायटीचा दगड, करोडो वर्षांचा, बरं का!" कुंडलिक शेजारीच गेट धरून उभा असतो. त्याच्याकडे ते बघतही नाहीत.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. माझ्यावरून समुद्र येऊन गेले, तुम्हीही जाल. पण एखाद्याला घाणेरडा म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघत जा. अ‍ॅसिडने सोललेली कुंडलिकची बोटं अजून भरून आलेली नाहीत.