तीन म्हाताऱ्यांची लाइन

माहा पुतन्या खुशाल नागपूरले कम्प्युटर शिकून आला, थे साल शहाऐंशीचं. त्याचं लगन जमवाले आमी नाकाडोंगरीवरून मोहाडीले गेलो. मी, गोमाजी अन् दादाजी, असे तीन म्हातारे सोबत.

पोरीचा, म्हंजे सत्यवतीचा, बाप भोजराज विचारते, "थे मशीन करते काय?"

खुशाल म्हने, "लाखो आकडे लाइनीत लावते. लहान-मोठे."

"येवढ्यासाठी मशीन? हट्!"

माह्या अंगाचा भडका झाला. पोट्ट्याचा सत्यवतीवर जीव बसला होता, अन् हा बुढा आकड्यावर अडून राहिला!

भोजराजच्या घरी सोयऱ्यायले टिळा वयानं लागते, मोठ्याले पयले. थो म्हने, "हे तिघं लाव लाइनीत. लागली त पोरगी तुही. नाही त रामराम."

खुशाल खूश. मशीनचीच रीत: शेजारी-शेजारी बसलेल्या दोघाले विचाराचं, मोठा कोन, अन् चुकलं त जागा बदलाची.

आता आमची जन्मतारीख आमच्या बापालेच ठाऊक नोती. मी म्हनलं, गोमाजी माह्या मांगून जन्मला. गोमाजी म्हने, दादाजीच्या बारशाले म्या घुगऱ्या खाल्ल्या. दादाजी म्हने, यादोरावले त म्या कडेवर खेळवलं! यादोराव म्हंजे मी! झालं. सतरंजीवर सरकू-सरकू धोतरं झिजली, पन लाइन लागेना. मान सोडाले कोनी तयार नाही, मी त नाहीच नाही.

भोजराज म्हने, "तीन म्हातारे लागत नाही, लाखो आकडे काय लावशीन रे?"

खुशालचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात सत्यवती चुलीपासून वरडली, "वडे निघाले! उठा, हात धुवा!"

मी टुनकन उठलो. गोमाजी खांब धरून उठला. दादाजीले दोघायनं बगलेत धरून उभा केला.

"लागली लाइन," सत्यवती दारातून म्हने. "शेवटी उठला थो मोठा."

भोजराज म्हने, "पन लाइन त पोरीनं लावली!"

"हो, माह्यानं नाही झाली," खुशाल म्हने. "मशीन मी चालवीन, डोकं सत्यवतीचं."

भोजराज पोट धरून हासला. "घे बाबा, देली पोरगी!"

टिळा दादाजीले लागला, मंग गोमाजीले, मंग मले. वडाही मले शेवटीच भेटला, थंडा. वरून भोजराज म्हने, "यादोराव, तुमी लहान आहा नं, जरा पानी वाढा."

वाढलं बापा, काय करता!